चिल्लर चाळताना: वाचकांचे प्रश्न

टांकसाळीतून चुकून सुटलेल्या सदोष नाण्यांवर गेल्या अंकात टिपण आलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत एकसारखे प्रश्न बरेच होते, ते एकत्र करून उत्तरं देत आहोत. फक्त “किती मिळतील?” एवढंच विचारणारी पत्रं शेवटी घेतली आहेत. नाणं ओळखायच्या आधी किमतीवर बोलणं म्हणजे बाजारात तुरी.

कोल्हापुरात महाद्वार रोडवर पूजासाहित्याचं दुकान आहे. रोज डबाभर चिल्लर जमते. रात्री अर्धा तास मिळतो. एवढ्या ढिगात नेमकं कुठून सुरू करू?

एकेक नाणं उचलून भिंगाखाली धरू नका, त्यात अर्धा तास पन्नास नाण्यांतच जातो. आधी मूल्यानुसार ढीग करा. मग वीस-वीस नाण्यांची चळत लावून बाजूनं, म्हणजे कडेकडून बघा. जाड, पातळ, वेगळ्या रंगाचं, खाचा अर्ध्यावरच असलेलं किंवा चळतीतून बाहेर डोकावणारं नाणं चटकन दिसतं. सर्वांत ठळक दोष इथेच सापडतात आणि हेच लोक बघत नाहीत.

दुसरी फेरी: नाणी काळ्या कापडावर सिंह वर आणि सरळ येतील अशी ओळीनं मांडा. मग एकेक नाणं वहीचं पान उलटतो तसं, डावीकडून उजवीकडे उलटा. आपल्याकडे नाण्याच्या दोन्ही बाजू एकाच दिशेला छापतात, त्यामुळे मागची बाजूही सरळच दिसायला हवी. ती आडवी किंवा उलटी आली तर डाय (छाप उठवणारा साचा) फिरलेली आहे. दहा-पंधरा अंशांचा फरक सोडून द्या, तो ढिगानं सापडतो. नव्वदच्या आसपास किंवा त्याहून जास्त असेल तर बाजूला ठेवा.

तिसरी फेरी लोहचुंबकाची. १९९२ पासूनचा एक रुपया पोलादी आहे, तो चिकटतो. १९९२ ते २००४ मधला भारताच्या नकाशाचा अकरा बाजूंचा दोन रुपया तांबे-निकेलचा आहे, तो चिकटत नाही. जुना जाड पाच रुपयाही तांबे-निकेलचाच. याच्या उलट वागणारं नाणं दिसलं की काट्यावर ठेवा. पोलादी रुपया (१९९२–२००४) २५ मिमी आणि ४.८५ ग्रॅम, नकाशाचा दोन २६ मिमी आणि ६ ग्रॅम, जाड पाच २३ मिमी आणि ९ ग्रॅम. काटा ०.०१ ग्रॅम दाखवणारा हवा. घरात नसला तर गुजरीतल्या ओळखीच्या सराफाकडे असतोच. झिजलेलं नाणं थोडं हलकं भरणारच, त्याला दोष समजू नका. जाड पाच चुंबकाला चिकटला तर आधी तो बनावट नाही ना ते तपासा, दुर्मिळपणाचं नंतर.

एक गफलत नेहमी होते. २०११ च्या मालिकेतला दोन रुपया २५ मिमी आणि ४.८५ ग्रॅम आहे, म्हणजे जुन्या रुपयाएवढाच. त्याच मालिकेतला रुपया जवळजवळ २२ मिमी आणि ३.७९ ग्रॅम, म्हणजे जुन्या पोलादी पन्नास पैशांएवढा. माप जुळलं म्हणून “रुपयाच्या चकतीवर दोन रुपये छापले” असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

दिवा डोक्यावरचा ट्यूबलाइट नको, त्यात उठाव सपाट दिसतो. टेबललॅम्प डाव्या बाजूला खाली ठेवा आणि नाणं बोटात हळूहळू फिरवा. भिंग घड्याळजी वापरतात तसलं दहापट पुरे. पाहून झालेली एक-दोन रुपयांची नाणी शंभर-शंभर मोजून प्लॅस्टिकच्या पिशवीत भरा. बँकेत भरायला तीच पद्धत सोयीची पडते.

सालाखाली कधी टिंब, कधी चौकट, कधी तारा असतो. काही नाण्यांवर काहीच नसतं. काही नसलेलं नाणं दुर्मिळ असतं असं मित्र म्हणतो. खरं का? (विद्यार्थी, सागरमाळ)

नाही. काहीच खूण नसणं हीच कोलकात्याची खूण. मुंबईची चौकट म्हणजे हिऱ्याचा आकार, हैदराबादचा पाच टोकांचा तारा, नोएडाचं गोल टिंब. हैदराबादच्या जुन्या नाण्यांवर दुभंगलेली चौकट किंवा आत टिंब असलेली चौकटही दिसते. प्रूफ संचातल्या, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेल्या, मुंबईच्या नाण्यांवर आधी ‘बी’ आणि नंतर ‘एम’ हे इंग्रजी अक्षर आहे. तसलं नाणं चिल्लरीत आलं तर कुणीतरी संच फोडून खर्चलंय असं समजा.

टांकसाळी कमी पडल्या तेव्हा सरकारनं परदेशातूनही नाणी पाडून आणली. १९८५ च्या तांबे-निकेल रुपयावर सालाखाली ‘एच’ असेल तर तो बर्मिंगहॅमच्या हीटनचा. त्याच साली वेल्समधल्या लँट्रिसंटलाही रुपये पाडले गेले. १९८८ च्या पंचवीस आणि पन्नास पैशांवर ‘सी’ म्हणजे कॅनडातलं ओटावा. १९९७-९८ च्या रुपयावर ‘एम’च्या डोक्यावर बारीक ‘ओ’ असेल तर मेक्सिको. यातलं एकही नाणं सदोष नाही. हे प्रकार आहेत, आणि साल व खूण यांची जोडी जुळवत संग्रह करणाऱ्याला ते हवे असतात.

खरी मेख पुढे आहे. डायवरच्या एवढ्याशा खळग्यात तेल आणि धातूचा चुरा बसला की टिंब उठतच नाही. म्हणजे नोएडाचं नाणं कोलकात्याचं असल्यासारखं दिसतं. अशा वेळी त्याच सालाचं खात्रीचं कोलकात्याचं नाणं शेजारी ठेवा आणि आकड्यांची जाडी, आकड्यांमधलं अंतर, कडेच्या रेघा ताडून बघा. टिंबाच्या जागी पुसट फुगवटा दिसला तर खळगा भरला होता हे नक्की. त्यानं किंमत वाढत नाही, पण यादीत चुकीची नोंद व्हायची टळते.

उद्यमनगरात पॉवर प्रेसवर काम करतो. एका रुपयावर सिंहाच्या खांद्यापासून कडेपर्यंत उभी रेघ आलीय. दुसऱ्या एका नाण्यावर एका बाजूला आकडा आहे आणि दुसऱ्या बाजूलाही तोच आकडा, पण खोलगट आणि आरशातल्यासारखा उलटा. हे काय प्रकरण?

डाय, पंच, ब्लँक तुमच्या रोजच्या बोलण्यातलं, त्यामुळे तुमच्याशी बोलणं सोपं. नाण्याची चकती धातूच्या पट्टीतून पंच होऊन निघते, तिची कड उचलून घेतात, भट्टीत मऊ करतात, धुतात. मग कॉलरच्या, म्हणजे कडेभोवतीच्या कड्याच्या, आत दोन डायांमध्ये तिच्यावर दाब पडतो. कुठलंही विचित्र नाणं हातात आलं की एवढंच विचारा: यातल्या कुठल्या टप्प्यावर असं होऊ शकतं? टप्पा सापडला नाही तर तो दोष टांकसाळीचा नाही, बाहेर कुणाच्या तरी हातचा आहे.

आता तुमची रेघ. डायला तडा गेला की धातू त्या तड्यात शिरतो, म्हणून नाण्यावर ती रेघ उठावदार येते. नख फिरवलं तर लागते. खोल गेलेली रेघ म्हणजे ओरखडा, मग ती कितीही सरळ असो. तडा वाढत जाऊन डायचा कडेचा तुकडाच निखळला की त्या जागी नाण्यावर बिनअक्षरी गोळा उठतो. रेघेपेक्षा त्याला मागणी जास्त. तुमची रेघ केसासारखी बारीक असेल तर आनंदापुरती ठेवा.

दुसरं नाणं मात्र जपून ठेवा. त्याला इंग्रजीत ब्रॉकेज म्हणतात, आपल्याकडचे व्यापारी ‘लखी’ म्हणतात. आधीचं नाणं डायला चिकटून राहिलं, नवी चकती आत आली आणि चिकटलेल्या नाण्यानंच डायचं काम केलं, म्हणून तीच बाजू उलटी आणि खोल उमटली. पण व्हाइसमध्ये दोन नाणी दाबून खोटी लखी करणारेही आहेत. फरक असा. खऱ्या लखीत उलट्या चित्राच्या बाजूला मूळ नक्षीचा मागमूस नसतो, कारण ती तिथे कधी उमटलीच नाही. व्हाइसच्या कामात जुनी अक्षरं खाली अर्धवट शिल्लक दिसतात, वर दुसऱ्या नाण्याची अक्षरं रुतलेली असतात आणि पाठीमागची बाजू दाबानं चेपलेली, चकचकीत झालेली असते. खऱ्या नाण्याची पाठ तिखट आणि पूर्ण उठलेली असते. वजनही बघा, ते नेहमीचंच भरायला हवं.

पाच रुपयांच्या नाण्यावर ‘भारत’ हा शब्द दुहेरी दिसतोय. मोबाईलवर मोठा करून पाहिला. डबल डाय म्हणतात ते हेच का? (गृहिणी, राजारामपुरी)

ताई, वर्णनावरून नव्वद टक्के शक्यता “नाही” अशीच आहे, पण खात्री तुम्ही घरीच करू शकाल.

दुहेरीपणा दोन कारणांनी येतो. पहिलं कारण दाबाच्या क्षणाचं. डाय किंचित सैल असली तर चकतीवर दाब देऊन उठताना ती घसरते आणि नुकतंच उठलेलं अक्षर एका अंगानं दाबून टाकते. दुसरं कारण त्याही आधीचं. उठावाच्या पंचानं, म्हणजे हबनं, डाय घडवताना दोनदा दाब दिला आणि दुसऱ्या वेळी तो जरासा हलला, तर डायवरच दोन अक्षरं कोरली जातात. मग त्या डायनं पाडलेलं प्रत्येक नाणं तसंच निघतं. संग्राहकाला हवं असतं ते हे दुसरं.

‘भारत’ची शिरोरेषा बघा, विशेषतः तिचं उजवं टोक. घसरलेल्या डायनं केलेला दुहेरीपणा जिन्याच्या पायरीसारखा दिसतो: अक्षराच्या शेजारी एक सपाट, खालच्या पातळीवरची, चमकणारी पट्टी. मूळ अक्षर तेवढ्याच प्रमाणात बारीक झालेलं असतं, कारण पट्टी त्याच्याच अंगातून काढलेली आहे. खऱ्या दुहेरी डायमध्ये अक्षर जाड होतं. दोन्ही रेषांना गोलाई असते, दोन्हींची उंची सारखी असते, आणि शिरोरेषेच्या टोकाला किंवा कान्याच्या पायाशी बारीक खाच पडून टोक दुभंगलेलं दिसतं. सिंहाखालच्या ‘सत्यमेव जयते’मध्येही तसंच दिसतंय का पाहा. त्या इवल्या अक्षरांत दुहेरीपणा लपत नाही.

मोबाईलच्या फोटोवर मात्र भरवसा ठेवू नका. दोन दिवे असले की प्रत्येक अक्षराला दोन सावल्या पडतात आणि कॅमेरा हलला की सगळंच दुहेरी. एकच दिवा ठेवा, नाणं पाव वळसा फिरवून पुन्हा बघा. दिव्याबरोबर दुहेरीपणाची बाजू बदलली तर तो नाण्यात नाही.

रंकाळ्यावर भेळेची गाडी आहे. दहा रुपयांच्या एका नाण्यात मधली चकती सरकलीय. गिऱ्हाईक दहाची नाणी घेतच नाहीत, काहींवर दहा रेघा आणि काहींवर पंधरा असतात म्हणून खोटी म्हणतात.

आधी गिऱ्हाइकाचं. दोन्ही चालतात. रिझर्व्ह बँकेनं १७ जानेवारी २०१८ ला जाहीर केलं होतं की दहा रुपयांची तोवर आलेली चौदाही रूपं अधिकृत आहेत. रुपयाचं चिन्ह २०१० साली आलं आणि २०११ पासून नाण्यांवर दिसू लागलं, म्हणून चिन्ह असलेली आणि नसलेली अशी दोन्ही नाणी खरीच.

सरकलेल्या चकतीचं जरा अवघड आहे. कडं आणि मधली चकती ही वेगवेगळी असतात, डायच्या दाबानंच दोन्ही एकमेकांत घट्ट बसतात. म्हणजे चकती छापण्याआधीच सरकलेली असेल तर छाप तिच्यावरून आणि कड्यावरून सलग जायला हवा: अक्षराचा अर्धा भाग चकतीवर, अर्धा कड्यावर, पण रेष तुटलेली नाही. छापून झाल्यावर कुणी चकती ठोकून काढून परत बसवली असेल तर सांध्याजवळ रेषा जुळत नाहीत, कड्याच्या आतल्या काठावर ओरबाडे दिसतात आणि बोटानं दाबलं तर चकती कधी कधी हलतेही. एका बाजूनं उलटी बसवलेली चकती तर हमखास हातचलाखी. चिल्लरीत दिसणारी बहुतेक “सरकलेली” नाणी याच जातीची असतात.

नाण्याचा एका बाजूला चंद्रकोरीसारखा तुकडा नाही. कात्रीनं कापलाय की टांकसाळीतच? (शिरोली)

पट्टीतून चकत्या पंच करताना पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही तर नवी चकती आधीच्या भोकावर पडते आणि तिचा घास निघतो. ओळखायची जागा कोरीसमोर आहे, म्हणजे बरोबर पलीकडच्या कडेला. तिथली कड पुसट, अर्धवट उठलेली असायला हवी. कड उचलताना एका बाजूला धातूच नसल्यामुळे समोरच्या बाजूलाही पुरेसा दाब बसत नाही. कोरीजवळची अक्षरं जरा ओढल्यासारखी, त्या दिशेला वाहिल्यासारखी दिसतात. नाणं नंतर कापलं असेल तर समोरची कड ठणठणीत असते आणि कापलेल्या जागी कानशीचे किंवा करवतीचे ओरखडे. दोन-तीन घास असलेली नाणीही असतात. वजन जेवढं कमी भरेल तेवढी कोर मोठी, ते लिहून ठेवा.

देवाच्या पेटीतली नाणी हळदी-कुंकवानं आणि तेलानं माखलेली असतात. पितांबरीनं घासली तर चालेल? (जोतिबाचं एक भाविक कुटुंब)

अजिबात नको. पितांबरी, चिंच, लिंबू, रांगोळी, राख: यातलं काहीही नाण्याचा वरचा थर नेतं. घासलेलं नाणं जाणकार लांबूनच ओळखतो आणि निम्मी किंमतही देत नाही.

तेलासाठी कोमट पाण्यात भांड्यांच्या पातळ साबणाचे दोन थेंब टाका, काही तास भिजू द्या, बोटानं न चोळता नुसतं हलवा आणि डिस्टिल्ड वॉटरनं धुवा. चिकटपट्टीचा गोंद असेल तर केमिकलच्या दुकानातलं शुद्ध अॅसिटोन काचेच्या वाटीत घ्या. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल आणि वास असतो. खिडकी उघडी ठेवा, देवघरातला दिवा लांब ठेवा, ते लगेच पेट घेतं. टिपायला सुती कापड, तेही दाबून, ओढून नाही. कुंकवाचा रंग धातूत उतरला असेल तर राहू दे.

ठेवण्याबद्दलही बरेच जण विचारतात, ते इथेच सांगतो. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या खिशांत तांबे-निकेलवर हिरवट चिकट थर धरतो. मायलरचे (पारदर्शक प्लॅस्टिक पटलाचे) पुठ्ठेवाले होल्डर घ्या. कोल्हापूरचा जून ते सप्टेंबर लक्षात घेऊन डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या अधूनमधून उन्हात वाळवा.

वैष्णोदेवीचं चित्र असलेलं पाचाचं नाणं आहे. फोनवर एकानं पाच लाख देतो म्हणून सांगितलं, आधी नोंदणीसाठी पैसे भरायला सांगतोय. (कसबा बावडा)

फोन बंद करा. नंबर ब्लॉक करा. २०१२ च्या त्या नाण्याच्या खूप प्रती निघाल्या, ते आजही हाताला लागतं. जुनी नाणी-नोटा घेण्याच्या नावाखाली रिझर्व्ह बँकेचं नाव आणि बोधचिन्ह वापरून फसवणूक होते, असा इशारा बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. रिझर्व्ह बँक असा व्यवहार करत नाही आणि त्यासाठी शुल्कही घेत नाही. खरा घेणारा नाणं हातात घेऊन, वजन करून रोख मोजतो. त्याला तुमच्याकडून आधी काही नको असतं. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, लगेच फोन करा.

१९९९ चा छत्रपती शिवाजी महाराजांचा दोन रुपया आणि त्याच सालचा संत ज्ञानेश्वरांचा रुपया याबद्दलही असले निरोप फिरतात. दोन्ही देखणी स्मारक नाणी आहेत, जरूर ठेवा. लाखांचं स्वप्न बघू नका.

पन्हाळ्याच्या वाटेवर शेत नांगरताना शिवराई सापडल्या. विकू का?

एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’ असेल तर शिवराईच. पण त्याही ढाळून केलेल्या निघतात, अक्षरांभोवती बुडबुड्यांचे खळगे बघा. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. सगळ्या शिवराई एकत्र, न धुता, मातीसकट ठेवा आणि सापडलेली जागा लिहून ठेवा. टाऊन हॉलच्या संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननातल्या वस्तू आहेत, तिथे जाऊन पाहून या.

किती मिळतील? (अनेक जण)

ठरलेला भाव नाही. बारीक तडा, थोडी फिरलेली डाय, न उठलेलं एखादं अक्षर: यांचे दर्शनी किमतीपेक्षा फारसे जास्त येत नाहीत. छाप एका बाजूला सरकून अर्धी चकती कोरी राहिली असेल आणि तरीही साल व खूण वाचता येत असेल, तर मागणी चांगली. खरी लखी, कॉलरबाहेर छापून पसरलेलं नाणं, चुकीच्या धातूवरचा छाप यांनाही. व्यापाऱ्याकडे जाताना दोन्ही बाजूंचे आणि कडेचा असे तीन फोटो, मिलिमीटरमध्ये व्यास आणि दोन दशांशांपर्यंत वजन लिहून न्या. एकाच दुकानातला भाव ऐकून देऊ नका.

आणि पावलीबद्दल विचारणाऱ्यांना: पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, पन्नास पैसे अजून चलनात आहेत. घरातल्या डब्यात पावल्या पडून असतील तर आधी १९८८ च्या वेगळ्या काढा आणि सालाखाली ‘सी’ आहे का ते बघा.